कौशल्येची उन्हाळी

वऱ्हाडात लघवीची आग व्हायला लागली की त्याला कुणी आजार म्हणत नाही, उन्हाळी लागली म्हणतात. इथलं ऊनच असं आहे की या निदानावर कुणाला शंका येत नाही. उन्हातून आलात, उन्हाळी लागली. धन्याचं पाणी प्या, सब्जा भिजवा, पायाच्या अंगठ्याला चुना लावा, झालं. वलगावच्या कौशल्येला मात्र उन्हाळी लागली ती ऐन पौषात, अंगावर दोन गोधड्या असताना. तरी शेजारच्या बायांनी धनेच सांगितले, आणि तिनेही ते मुकाट्याने प्यायले.

कौशल्या मूळची मोर्शीकडची, संत्र्याच्या मुलखातली. दोघीच बहिणी, पाठीवर भाऊ नाही. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या सुंदरानं धाकटीची वेणी घातली, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि वेळ पडली तेव्हा मुस्काटातही दिली. सुंदरा पातूरला दिली, कौशल्या वलगावच्या नत्थुजींना. पुढे वडील गेले, शेत विकलं गेलं आणि मोर्शी संपली. भाऊ नसलेल्या बाईचं माहेर असं एका दिवसात पुसलं जातं. पण सुंदरानं सांगून टाकलं, "आता पातूर तुह्यं माहेर. महालक्ष्म्याले दरसाल यायचं. नाई आली तं मी तिकडे येऊन झोडपीन."

महालक्ष्म्या म्हणजे वऱ्हाडातल्या घराचा वर्षाचा मानाचा सण. भादव्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांसाठी घरी येतात. साड्या नेसवून त्यांना उभं करायचं, डोक्यावर फुलोरा टांगायचा, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या. हा स्वयंपाक सोवळ्यात. सुंदराच्या सासरी तर जुनी रीत, डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं चुलीपाशी बसायचं. पुरण सुंदराचं आणि पोळ्या कौशल्येच्या, अशी वाटणी वर्षानुवर्षं ठरलेली होती. पोळ्या लाटता लाटता दोघी बहिणी साऱ्या खानदानाची उणीदुणी काढत, आणि देवीसमोर नैवेद्य जाईपर्यंत दोघींचं वर्षाचं बोलणं होऊन जाई.

कौशल्येची पाळी गेली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. सुटली एकदाची, म्हणाली. पण शरीर असं सुखासुखी कुणाला सोडत नाही. दोन-चार वर्षांनी खाली कोरड पडायला लागली. खाज, आग, लुगड्याचा काठ लागला तरी झोंबायचं. नत्थुजी जवळ आले की सुरी फिरल्यासारखं दुखे. तिनं दात आवळून काही महिने काढले, मग नातवाला रात्री भीती वाटते असं कारण काढून आपलं अंथरूण आतल्या खोलीत नेलं. नातू वाघासारखा धीट होता, हे नत्थुजींना ठाऊक होतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोनं कापसाच्या भावावर, जावयाच्या स्वभावावर, गायीच्या दुधावर तासन्‌तास बोलावं आणि याविषयी चकार शब्द काढू नये, हा आपल्याकडचा शहाणपणा. त्या शहाणपणाला आग लागो.

मग लघवी थांबेनाशी झाली. लागली म्हणता म्हणता न्हाणीपर्यंत पोचायची सोय नाही. खोकला आला, हसू आलं, पाण्याची घागर उचलली की थेंब थेंब गळायचं. मधूनच थंडी वाजून ताप यायचा. गावातला डॉक्टर सुई टोचायचा, गोळ्या द्यायचा, आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. तिनं आपल्या परीनं उपाय काढला, पाणीच पिणं सोडलं. त्यानं आग आणखी वाढली. गावाला जायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून घशाला कोरड.

त्या सालीही ती पातूरला गेली. नैवेद्याचा दिवस. डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्यानं पाटावर बसली, पहिली पोळी तव्यावर टाकली आणि खाली ऊन ऊन लागलं. ओलेतं नेसलेल्या बाईचं लुगडं ओलं आहे हे कुणाला दिसणार? पण तिला तर कळलं. आंघोळीचं ओलं सोवळं आणि हे ओलं ओवळं. ती उठली, पुन्हा आंघोळ करून आली. थोड्या वेळानं पुन्हा उठली.

"किती वेळा आंग धुतं वं?" सुंदरा करवादली. "पोळ्या कोन लाटीन, तुही सासू?"

"पोट बिघडलं ताई," कौशल्या म्हणाली.

तिसऱ्या खेपेला तिला उठायची लाज वाटली. तशीच बसून राहिली, तशाच पोळ्या लाटल्या, आणि त्या पोळ्या देवीसमोर गेल्या.

त्याच हिवाळ्यात सुंदराचे मालक झटक्यानं गेले. बिड्या ओढून त्यांची छाती कधीच कामातून गेली होती, साऱ्या पातूरला माहीत होतं. कौशल्येला मात्र एकच माहीत होतं, की आपण देवीला ओवळं खाऊ घातलं. हे ती कुणापाशी बोलणार? मयताला गेली, बहिणीच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या रडण्यात अर्धी माफी होती हे सुंदराला कळायचं कारणच नव्हतं.

त्यानंतर तिनं महालक्ष्म्यांना जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली. पुढच्या साली गुडघेच. सुंदरा आधी विनवत होती, मग तिचा हट्ट वाढला. "यंदा येच कौशे. पुरण बी तूच घाल, मी नुसती बसतो." कौशल्येला वाटलं, ताई लाडानं म्हणते. तिनं पुन्हा गुडघे पुढे केले. मग सुंदरा म्हणाली, "वलगावात गिरणीवर जातं, बाजारात जातं, सोसायटीत जातं. पातूरले याले तेवढे गुडघे दुखते. राहू दे. मोठे लोक झाले तुमी." फोन ठेवला तो ठेवलाच. आता कौशल्येच्या मनात एकच घोर, बहिणीच्या पुढ्यात पुन्हा सोवळ्यानं बसता आलं पाहिजे. त्याशिवाय तोंड कसं दाखवायचं?

सून पौर्णिमा शहाणी. न्हाणीमागच्या दोरीवर जुन्या लुगड्याचे तुकडे रोज वाळताना दिसले तेव्हा तिनं सासूला काही विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं, "आईले अमरावतीले दाखवा. बाईडॉक्टरले." अमोलनं आईला मोटरसायकलवर बसवलं.

डॉक्टरीण तरुण होती, पण हाताला हलकी. पडद्याआड तपासलं, छातीत कधी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा कधी रक्त, असं सगळं विचारून घेतलं. मग टेबलापाशी येऊन म्हणाली, "मावशी, ही उन्हाळी नाही. पाळी गेली की बाईच्या अंगातला एक रस कमी होतो. त्यानं तिथली कातडी पातळ पडते, कोरडी होते. म्हणून आग, म्हणून दुखणं, म्हणून घडीघडी जंतू धरतो. वयाचंच आहे, पण वयाचं म्हणून सोसायचं नाही. औषध आहे याला."

औषध आहे! इतकी वर्षं जे देवीचा कोप म्हणून पोटात ठेवलं होतं त्याला औषध आहे, हे ऐकून कौशल्येचे डोळे भरले. आणि नेमका तेव्हाच अमोल आत आला, आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. डॉक्टरिणीनं आवाज खाली आणला. बाहेर बाया दाटीवाटीनं बसलेल्या, समोर एवढा मोठा मुलगा. ती इतकंच म्हणाली, "रात्री झोपताना एक गोळी आत ठेवायची. पहिले पंधरा दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा. ठेवायची. कळलं ना?"

"कळलं," कौशल्या म्हणाली.

काय कळलं? गोळी खायची नाही, ठेवायची, एवढं कळलं. कुठं ठेवायची ते कुणीच बोललं नाही. औषधाच्या दुकानातही पट्टी कात्रीनं कापून पुडीत घालून दिली, आणि दुकानातल्या पोरानं "ठेवाची हाये बरं" एवढंच बजावलं. आपली भाषा तशी श्रीमंत. भांडायला बसलो तर शिव्यांना तोटा नाही. पण बाईच्या त्या एका जागेचं नाव घ्यायची वेळ आली की सगळ्यांची वाचा बसते. मग 'खाली' म्हणायचं, 'आत' म्हणायचं, 'तिकडे' म्हणायचं, आणि समोरच्यानं समजून घ्यायचं.

घरी आल्यावर तिनं पुडी नत्थुजींसमोर धरली. "डॉक्टरीण म्हने आत ठेवाची. आत कुठी?"

नत्थुजींना दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली होती. तेव्हापासून त्यांच्या बंडीच्या खिशात एक लहानशी पांढरी गोळी असे. त्यांनी चष्मा लावून हिची गोळी उलटीसुलटी पाहिली. तीही लहान, तीही पांढरी. "अवं, जिभेखाली. माही नाई का? गिळाची नाई, ठेवाची. अशाच रायते ह्या भारी गोळ्या."

तर कौशल्या रोज जेवण आटोपलं की गोळी जिभेखाली ठेवी. विरघळून जाईपर्यंत तोंड उघडत नसे, न जाणो औषधाचा अंश वाया जाईल. नातू काही विचारायला आला तर हातानं खुणा करी. पंधरा दिवस रोज, मग सोमवारी आणि गुरुवारी. अशा निष्ठेनं तिनं कुठलं व्रतही केलं नव्हतं. तोंड कडू झालं, पण फरक काही पडला नाही. श्रावण गेला, भादवा लागला. ती देवापुढे बसून म्हणाली, माहं पापच मोठं, त्याले औषध काय करीन? महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. त्या साली पातूरहून बोलावणंही आलं नाही.

दिवाळीनंतर पौर्णिमा तिला जबरदस्तीनं पुन्हा घेऊन गेली. डॉक्टरिणीनं तपासलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "काहीच फरक नाही? मावशी, गोळी नेमानं ठेवता ना?"

"एक दिस बी सोडली नाई," कौशल्या म्हणाली. "पुरी इरघळेलोक बोलत बी नाई मी कोनाशी."

"बोलत नाही?" डॉक्टरीण म्हणाली. "बोलण्याचा काय संबंध?"

कौशल्येनं आ करून जीभ वर केली आणि बोटानं जागा दाखवली.

नर्स हसली. पौर्णिमाही हसू दाबायला गेली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीण मात्र हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं. "चूक माझी आहे मावशी. मुलगा उभा होता म्हणून मी नाव घेतलं नाही." मग तिनं दार लावून घेतलं, त्या जागेचं नाव घेतलं, कागदावर चित्र काढून दाखवलं, बोटानं किती आत सरकवायची तेही सांगितलं. कौशल्या पदर तोंडाला लावून ऐकत होती. आपल्याच शरीराचा नकाशा ती साठीला टेकताना पहिल्यांदा पाहत होती. परत येताना एसटीत ती पौर्णिमेला म्हणाली, "एक साल गेलं वं पोरी. येका शब्दानं माहं साल नेलं."

गोळी तिच्या जागी पडू लागली आणि दोन महिन्यांत आग कमी झाली. होळीपर्यंत बहुतेक सारं थांबलं. ताप गेला. जोरात शिंक आली तर अजून एखादा थेंब जाई, पण डॉक्टरीण म्हणाली तेही कमी होईल, व्यायाम दाखवते. कौशल्या तांब्या तांब्या पाणी पिऊ लागली. न्हाणीमागची दोरी रिकामी झाली. तिनं अंथरूण परत बाहेरच्या खोलीत आणलं, तेव्हा नत्थुजी म्हणाले, "काहून, पोराची भीती गेली वाटते," आणि दुसरीकडे पाहू लागले. दोघंही आता म्हातारी झाली होती. मधली वर्षं कुणी परत आणून देणार नव्हतं, पण एकमेकांचा घोरण्याचा आवाज ऐकू येतो हेही कमी नव्हतं.

आता तिला एकच ओढ, भादवा. पातूरला जायचं, बहिणीसमोर ओलेत्यानं पाटावर बसायचं, आणि पोळ्या लाटता लाटता सगळं सांगून टाकायचं, त्या सालच्या पोळ्यांसकट. मारली तर मारू दे. ती फोन करी, पण उचले ती सुंदराची सून वर्षाली. "मावशी, आई निजली हाये." पुन्हा केला तर, "आईचं डोकं दुखून राह्यलं." कौशल्या समजायची ते समजायची. ताईचा राग तिला लहानपणापासून माहीत होता. तो फोनवर उतरत नाही, समोर जाऊन पाय धरावे लागतात.

श्रावणाच्या सुरुवातीला वर्षालीचा फोन आला. तिच्या आवाजावरून कौशल्या आधीच खाली बसली. "मावशी, आई गेली. तापच आला होता. अकोल्याले नेलं, दोन दिवसांत आटोपलं."

वलगावहून अमरावती, अमरावतीहून अकोला, अकोल्याहून पातूर. कौशल्या पोचली तेव्हा ताईला नेऊन झालं होतं. अंगणात चुलीची राख पडली होती आणि बाया पाणी मारत होत्या. तिला रडू आलं नाही, राग आला. दोन दिवस दवाखान्यात होती आणि आपल्याला कळवलं नाही. एवढा राग? मरतानाही? ती तेरवीपर्यंत राहिली, पण कुणाशी बोलेना. बाया आपसात कुजबुजल्या, बहीण जिवंत होती तेव्हा आली नाही, आता कशाले बसली?

तेरवीच्या आदल्या दिवशी वर्षालीनं सासूची खोली धुवायला काढली. कौशल्या मदतीला गेली. बाजेवरची गोधडी उचलली, तिच्याखाली चादर, आणि चादरीखाली खताच्या पोत्याचं प्लास्टिक पसरलेलं होतं, कडांना बाजेला नीट बांधलेलं. कौशल्येचा हात तिथेच थांबला. असंच प्लास्टिक तिनं वलगावला आपल्या हातानं बांधलं होतं.

"हे काहून वं?" तिनं विचारलं.

वर्षालीनं दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आईची लघवी थांबत नोती मावशी. लय सालं झाली. मामंजी गेल्यापासून तं जास्तच. उनाळी हाये म्हने, धने पेत जाय. कोनाले सांगू देत नोती. मलेबी लय उशिरा समजलं. अकोल्याचा डॉक्टर म्हने, लघवीतला जंतू रक्तात गेला."

कौशल्या बाजेच्या काठावर बसली. "मंग महालक्ष्म्या? पुरण?"

"आईनं सैपाक सोडला ना. मी ओवळी हाये म्हने, देवीचं कसं करू? म्हनून तं तुमाले घडीघडी बोलावे. कौशी आली तं समदं सोवळ्यानं होईन म्हने. तुमी नाई आले तवा शेजारच्या बाईले बोलावलं, अन आई दिवसभर मांगच्या खोलीत बसून राह्यली."

बाहेर कुणीतरी वर्षालीला हाक मारली. ती "आली" म्हणाली आणि गेली नाही.

कौशल्येच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी होती. तेरा दिवस राहायचं म्हणून ती सोबत घेऊन आली होती, आणि आदल्या सोमवारी याच घरात, याच खोलीच्या पलीकडे तिनं आपली गोळी ठेवली होती. तिनं पट्टी काढून वर्षालीला दाखवली. "माह्यापाशी औषध होतं वं. हेच दुखनं. डिट्टो हेच. मलेबी तेच होतं म्हनून मी येत नोती. ताईले वाटलं मी मोठी झाली." जो प्रश्न तिनं बारा दिवस दातांखाली धरला होता तो आता तिला विचारावाच लागला. "मी फोन करो तं बोलत नोती ना माह्याशी. लय राग होता का माह्यावर? दवाखान्यातूनबी मले काहून नाई बोलावलं?"

वर्षाली रडायला लागली. "राग नोता मावशी. फोन वाजला का विचारे, कौशी होती का? गुडघे कसे हायेत म्हने तिचे? मी म्हनो, बोला ना मंग. तं म्हने, बोलली तं ये म्हनीन, अन आली तं हे बाजीवरचं समदं पाहीन. दवाखान्यात म्या फोन हातात घेतला होता. आईनं हात धरला माहा. कौशीले नको बोलावू म्हने. मी लहानपनी तिले गादी ओली केली म्हनून लय मारलं होतं. आता कोन्या तोंडानं तिच्यापुढे निजू?"

कौशल्येला तो मार आठवत नव्हता. तिनं खूप आठवून पाहिलं. मग ती उठली, प्लास्टिकच्या गाठी सोडल्या आणि ते धुवायला न्हाणीत घेऊन गेली.